आधी दोरी, मग आरसा

गेल्या हिवाळ्यात अमरावतीत एका लघुपट स्पर्धेचा निकाल लागायचा होता. त्याआधी एक ज्येष्ठ परीक्षक बोलायला उठले. रंगभूमी आणि सिनेमात त्यांची हयात गेली आहे, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ते म्हणाले, वऱ्हाडातल्या पोरांनी व्हीएफएक्सच्या नादी लागू नये. आगी, पूर, भुतं, वाघ हे मुंबई-हैदराबादच्या पैशाचे खेळ आहेत. तुमच्याकडे माती आहे, माणसं आहेत, बोली आहे. तेवढं साधेपणाने दाखवा. सभागृहात टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी परतवाड्याचा एक मुलगा बसला होता. त्याच्या फिल्ममध्ये पुरात वाहून जाणारं घर होतं. टाळ्या थांबेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

सल्ला प्रेमाने दिलेला होता. पण तो चुकीचा आहे, आणि अमरावती-अकोल्यात तो आता इतक्यांदा दिला जातो की पोरं तो नियम समजून चालतात. मी अकोल्यात एका खोलीत बसून एडिटिंग आणि कंपोझिटिंग करतो. लग्नसराईत लग्नाचे व्हिडिओ, एरवी या पोरांच्या फिल्म. रोज ज्या कामात हात आहे त्यावर बोलणं माझं कर्तव्य आहे, म्हणून हे उत्तर.

परीक्षकांचं एक म्हणणं आधीच मान्य करतो. त्या दिवशी दाखवलेले इफेक्ट वाईट होते. आग कागदावर चिकटवल्यासारखी दिसत होती, पुराच्या पाण्याचा उजेड एका बाजूचा आणि घरावरचा दुसऱ्या बाजूचा होता. प्रेक्षक हसले आणि त्यांचं हसणं रास्त होतं. माझा वाद पुढच्या वाक्याशी आहे. पैसा नव्हता म्हणून ते वाईट झालं, असं म्हटलं गेलं. तसं नाही. शूटिंगच्या दिवशी विचार झाला नव्हता म्हणून ते वाईट झालं.

पैशाने हे काम होत असतं तर २०२२ च्या ऑक्टोबरात ‘आदिपुरुष’चा टीझर आल्यावर देशभर जे झालं ते झालंच नसतं. शेकडो कोटींच्या चित्रपटातल्या दृश्यांना लोक हसले, जानेवारीत ठरलेलं प्रदर्शन जून २०२३ वर गेलं, आणि तरीही टीका थांबली नाही. त्याच वर्षी जपानमधून ‘गॉडझिला मायनस वन’ आला. साधारण ६१० इफेक्ट शॉट, करणारी माणसं ३५, आणि दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच इफेक्टचे प्रमुख. हॉलिवूडच्या हिशेबाने किरकोळ खर्चात झालेल्या या कामाला २०२४ मध्ये इफेक्टसाठीचं ऑस्कर मिळालं. आपल्यासाठी तो खर्चही डोंगराएवढाच आहे, हे खरं. पण त्यातला धडा पैशाचा नाहीच. ज्याने शॉट मनात पाहिला त्यानेच तो लावला आणि त्यानेच तो पुरा केला, हा तो धडा आहे. ‘मॉन्स्टर्स’ या २०१० च्या चित्रपटाचे इफेक्ट तर दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सने घरच्या संगणकावर एकट्याने केले.

परदेशी उदाहरणं दिली की लोक म्हणतात, ते त्यांचं त्यांच्याजवळ. बरं, मग बहिरमला चला.

लहानपणी बहिरमच्या जत्रेत एका तंबूत मी बोलणारं मुंडकं पाहिलं. टेबलावर ताट, ताटात बाईचं मुंडकं, डोळे मिचकावतंय, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतंय. टेबलाखालून मागचा लाल पडदा सरळ दिसत होता. धड नव्हतंच. मी रात्रभर झोपलो नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की टेबलाच्या पायांमध्ये कोन करून दोन आरसे बसवलेले असतात. आरशात बाजूचा पडदा दिसतो, तो मागच्या पडद्याच्याच रंगाचा असतो, म्हणून आरपार दिसल्याचा भास होतो. बाई आरशांच्या मागे बसलेली असते. पण या खेळाचा खरा कणा आरसा नाही. कणा आहे ती तंबूत आडवी बांधलेली दोरी. दोरीच्या अलीकडे उभं राहूनच पाहायचं. कडेने दोन पावलं पुढे सरकलात की आरशात दुसऱ्या बाजूची माणसं दिसतील आणि खेळ संपेल. त्या तंबूवाल्याने आधी ठरवलं होतं की पाहणारा कुठे उभा राहील. आरसे त्यानंतर बसले.

सिनेमात त्या दोरीच्या जागी कॅमेरा असतो. कॅमेरा कुठे, किती उंचीवर, कुठल्या लेन्सने, दिवसाच्या कुठल्या वेळी, हे ठरलं की अर्धा इफेक्ट झाला. हे ठरवायला वही आणि मोजपट्टी लागते. अमरावतीच्या पोराजवळ या दोन्ही गोष्टी असतात.

आणि ही आपल्या मराठी सिनेमाची जन्मजात रीत आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी चित्रपट काढला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोखला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत ‘अंकुराची वाढ’ तयार केली. पडद्यावर रोप बघता बघता वाढताना दिसलं, आणि पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. म्हणजे आपल्या पहिल्या चित्रपटाच्या आधी एक इफेक्ट शॉट झालेला आहे, आणि तो एका वाटाण्यावर झालेला आहे. ज्या माणसाने १९१७ मध्ये ‘लंका दहन’मध्ये हनुमान उडवला, त्याला कुणी सांगितलं असतं की आधी पैसा आण मग जादू कर, तर आज आपण कशावर बोललो असतो?

साधेपणाचा दाखला म्हणून परीक्षकांनी ‘संत तुकाराम’चं नाव घेतलं होतं. माझाही तो अत्यंत आवडता चित्रपट. १९३६ चा, प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा. १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेलेला. पण त्याच साध्या चित्रपटाच्या शेवटी तुकोबांना न्यायला आकाशातून गरुड उतरतो. दामले आणि फत्तेलाल दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले, पडदे आणि नेपथ्य रंगवत आलेले. त्यांना साधेपणा आणि करामत यांच्यात भांडण दिसलं नाही, कारण तुकोबांची गोष्ट सांगायला दोन्ही लागत होतं. १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू रामदास पाध्यांचा बाहुला होता. त्याला पाहून महाराष्ट्रातली एक पिढी अंथरुणात पाय आखडून झोपली. तिथेही बाहुल्याला कुठून पाहायचं आणि तो दिसायच्या आधी आवाज कधी यायचा, हे आधी ठरलेलं होतं.

आता माझ्या खोलीतली गोष्ट सांगतो. त्यातूनच माझं मत बनलं आहे.

चार वर्षांपूर्वी एका दिग्दर्शकाचं काम आलं. जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागते, मालक धावत येतो, असा प्रसंग. नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे. त्याने भर दुपारी, हातात मोबाइल धरून, गंजीभोवती फिरत नऊ सेकंदांचा शॉट घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फोनवर म्हणाला, “भाऊ, शूट तं झालं. आग तुमी पोस्टमंधी लावून देजा. आन् रात्र करून टाकजा.”

नऊ सेकंद म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे २१६ फ्रेम. माणूस आगीच्या पुढून धावतो, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये त्याची कड हाताने कापायची. एका फ्रेमला दहा मिनिटं धरली तर ३६ तास नुसते कापण्यात गेले. कॅमेरा हलतोय, म्हणून आग प्रत्येक फ्रेममध्ये जागेवर बसवायची. उन्हात मोबाइलने शटर आपोआप इतकं वेगवान केलेलं की धावणाऱ्या पायांना धूसरपणाच नाही, सगळं कापल्यासारखं धारदार. व्हॉट्सअ‍ॅपने चित्र चिरडलेलं. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे मालकाच्या चेहऱ्यावर आगीचा उजेड नाही. समोर एवढी आग आणि तोंडावर पांढरं ऊन. हे जगातला कुठलाही संगणक धडपणे भरून काढत नाही. मी इंटरनेटवरून पेट्रोलच्या भडक्याचा व्हिडिओ घेऊन तो लावला. फिल्म अकोल्यात दाखवली तेव्हा मागच्या रांगेतून जिनिंगवर काम केलेला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “कापूस असा जळते काय?”

त्या म्हाताऱ्याचं ते वाक्य मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेलं. कापूस पेट्रोलसारखा भडकत नाही. सुट्या रुईवरून जाळ सर्रकन धावत जातो, वरचे पुंजके भुरभुर जळतात, आणि मग आग आत शिरते. आत ती धुमसत राहते, पांढुरका धूर निघत राहतो, वरून पाणी मारलं तरी आतून पेटत येते. हे अकोल्याच्या प्रेक्षकाला माहीत आहे, हैदराबादच्या स्टुडिओला नाही. इफेक्ट परक्या पैशाचा खेळ आहे म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. ती आग बरोबर दाखवण्याचा अधिकार आणि अक्कल दोन्ही वऱ्हाडात आहे.

दोन वर्षांनी अकोटची पोरं तोच विषय घेऊन आली. मी अट घातली की आधी मला जिनिंगवर न्यायचं, शूटिंग नंतर. जिनिंगच्या आवारात काडी पेटवायला मालकाने परवानगी दिली नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. आम्ही गंजी मोजली, १६ फूट उंच. कॅमेरा ट्रायपॉडवर ४० फुटांवर, जमिनीपासून ५ फुटांवर. सगळं वहीत लिहिलं. सूर्य बुडल्यावर आभाळात निळसर उजेड असतो त्या वीस मिनिटांत शॉट घ्यायचा ठरवलं. मोबाइलचं फोकस आणि एक्स्पोजर कुलूप लावल्यासारखं बंद केलं. दोन हॅलोजनना नारिंगी जिलेटिन लावलं आणि त्यांच्यापुढे एका पोराला थर्माकोलचा तुकडा हलवत उभं केलं. म्हणजे नटाच्या तोंडावर उजेड थरथरला. नटाला सांगितलं, गंजीच्या पुढून जायचं नाही, फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात येऊन थांबायचं. म्हणजे कापायचं काहीच उरलं नाही. तो यायच्या आधी रिकाम्या फ्रेमचं अर्धं मिनिट घेतलं, त्याला क्लीन प्लेट म्हणतात, आणि संकटात तीच कामी येते.

आग गावाबाहेरच्या उघड्या खळ्यावर लावली. पाण्याची टाकी, पंप, वाळूच्या बादल्या तयार ठेवून. लोखंडी जाळीचा चार फुटी सांगाडा, त्यावर टाकाऊ रुईचा थर, मागे लांबवर काळं कापड. गंजी चौपट लहान झाली, म्हणून कॅमेराही चौपट जवळ, १० फुटांवर, आणि १५ इंच उंचीवर. आता लहान आग लहानच दिसते, तिच्या ज्वाळा फडफडतात. मोठी आग संथ वाटते. त्यावर जुना हिशेब आहे. वस्तू चौपट लहान असेल तर चाराचं वर्गमूळ दोन, म्हणून दुप्पट फ्रेमनी चित्रण करायचं, सेकंदाला ४८. मोबाइलमध्ये ६० ची सोय होती, तीवर घेतलं. बाजूने एक हॅलोजन लावला म्हणजे धूर उजळला. काळ्यावरची आग खऱ्या गंजीच्या चित्रावर चढवली की काळं आपोआप निघून जातं. शॉट तीन सेकंदांचा ठेवला, ७२ फ्रेम. मला दोन संध्याकाळी लागल्या. वापरलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळणारं होतं, ब्लेंडर आणि डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती.

तो म्हातारा पुन्हा भेटला नाही. पण त्याच जिनिंगवरच्या एका हमालाला मी तो शॉट मोबाइलवर दाखवला. त्याने दोनदा पाहिला आणि म्हणाला, “हो बावा, अशीच लागते.”

पहिल्या शॉटवर जास्त वेळ गेला, जास्त वीज गेली, जास्त मनस्ताप झाला. कमी पैशाच्या माणसाला परवडत नाही तो हा ‘पोस्टमंधी पाहू’. पैसेवाल्याला एक वेळ परवडेल, तो शंभर माणसं बसवून चुका पुसून घेईल. गरिबाला आधी विचार करण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून ज्येष्ठांनी पोरांना नियोजन शिकवावं, स्वप्न सोडायला सांगू नये.

हिरव्या कापडाचंही असंच झालं आहे. इफेक्ट म्हटलं की पोरं पहिल्यांदा कापड बाजारात जाऊन पोपटी कापड आणतात, आणि सोयाबीनच्या हिरव्या शेतात ते ताणून बांधतात. मोबाइल साठवताना रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवतो, म्हणून केसांच्या कडा दातेरी होतात. अशा वेळी हिरवं कापड नकोच. स्थिर कॅमेरा, क्लीन प्लेट आणि फ्रेमचे दोन भाग वेगवेगळे घेऊन जोडणं यात निम्मी कामं होतात. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त पीटर परेरांनी माणूस गायब केला तो फिल्म कॅमेऱ्यातच मागे फिरवून आणि झाकून. तेव्हा संगणक नव्हता, शिस्त होती.

परीक्षकांचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. आपली माती दाखवा, म्हणजे इफेक्टची गरजच नाही. मला विचारायचं आहे, आपल्या मातीत फक्त जमीन आणि कर्ज आहे का? मेळघाटात वाघ आहे. १९९८ च्या अधिसूचनेने वाघाला खेळवणं, प्रशिक्षण देऊन त्याचं प्रदर्शन करणं बंद झालं, आणि ते चांगलंच झालं. म्हणजे कोरकू गावातल्या आजोबांची वाघाची गोष्ट सांगायची तर ती इफेक्टनेच सांगावी लागेल, किंवा ती सांगायचीच नाही. गाविलगडावर १८०३ च्या डिसेंबरात लढाई झाली. आज तिथे तटाची पडझड आहे. उरलेल्या भिंतीवर चित्राने भिंत वाढवली नाही तर तो किल्ला पडद्यावर कधीच पुरा उभा राहणार नाही. अमरावतीत सिनेमाची पोस्टरं रंगवणारे पेंटर होते, फ्लेक्सने त्यांचं काम खाल्लं. लांबीरुंदीचा आणि उजेडाचा त्यांचा अंदाज आजही कुठल्याही संगणक-कारागिराच्या वरचढ आहे. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आणि अगदी जमीन-कर्जाची गोष्ट घेतली तरी तिचा खलनायक आभाळात असतो. गारपीट ठरवून पडत नाही. ‘तुंबाड’ चित्रपटाच्या मंडळींनी खऱ्या पावसासाठी अनेक पावसाळे वाट पाहिली, ते फार मोठं काम आहे. पण चार दिवसांचं शूटिंग जमवणाऱ्या अकोल्याच्या पोराला एक पावसाळासुद्धा थांबता येत नाही. त्याने निरभ्र आभाळ झाकोळून काढलं तर तो मातीशी बेइमान कसा झाला?

अलीकडे तिसरं एक ऐकू येतं की आता एआय सगळं करून देईल, शिकायचं कशाला. मी ती साधनं वापरून पाहिली आहेत. कड कापायला, नको ती तार पुसायला ती उपयोगी पडतात. पण त्यांना आग मागितली की ती पेट्रोलचीच देतात. कापसाची आग त्यांनी पाहिलेली नाही.

एक गोष्ट मला मनातून सलते, ती लिहितोच. चित्रपटाच्या धंद्यात आपला मुलूख अजूनही ‘सीपी बेरार’ या जुन्या नावाने विकला जातो. अमरावती वितरकांचं जुनं ठाणं. मुंबईचा सिनेमा इथे यायचा, डबे उघडायचे, थिएटरं भरायची, पैसा परत जायचा. आपण विकत घेणारे आणि पाहणारे. कॅमेरा खिशात आल्यावर पहिल्यांदा इथली पोरं बनवणारी झाली आहेत. त्यांनी काय बनवायचं नाही याची यादी त्यांच्या हातात देण्याची ही वेळ नाही.

परतवाड्याच्या त्या मुलाला मी नंतर गाठलं. त्याने पूर कसा केला ते विचारलं. मोबाइल किती उंचीवर होता, ऊन कुठून होतं, घर किती लांब होतं, यातलं काही त्याने लिहून ठेवलं नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. आता तो पुन्हा करतो आहे. घराचं मॉडेल थर्माकोलचं, आठपट लहान, पाणी पाटाचं.

अमरावती आणि अकोल्यातल्या परीक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वर्षी प्रवेशिकेसोबत इफेक्ट असलेल्या प्रत्येक शॉटचं एक पान मागवा: कॅमेऱ्याची उंची, अंतर, लेन्स, वेळ, आणि काय जागेवर केलं, काय नंतर. ते पान वाचा, मग फिल्म पाहा, आणि मग बोला.